खूण कुठल्या पानावर होती?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं

सव्वीस वर्षं मी वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बसले. परत आलेलं पुस्तक कपाटात लावण्याआधी एकदा चाळून बघायची सवय होती, कारण लोक आत काहीही विसरतात. तिकिटं, औषधाच्या चिठ्ठ्या, एकदा तर एका मुलीची अख्खी गुणपत्रिका. पानांत राहिलेली अशी खूण मी लगेच काढत नसे, आधी पान बघायची. चारशे पानांच्या कादंबरीत खूण चाळिसाव्या पानावर राहिली असेल, तर सभासदाने पुस्तक तिथेच सोडलं असं समजायचं. कुठेच खूण नसेल, तर बहुधा ते एका दमात संपलेलं असायचं. कुणाला कुठलं पुस्तक द्यावं हे मी मुख्यतः या खुणांवरून शिकले.

या वेळच्या पत्रांपैकी निम्मी थरारक कादंबऱ्यांविषयी आहेत आणि निम्मी खेळावरच्या पुस्तकांविषयी. दोन्ही एकत्र घेते आहे, कारण माझ्या हिशेबी ही दोन कपाटं शेजारीच असायला हवीत.

*

प्रश्न : गेल्या महिन्यात दोन रहस्यकादंबऱ्या एकेका रात्रीत संपवल्या. आता जे हातात घेते त्याचा शेवट तिसऱ्या प्रकरणातच ओळखता येतो, आणि शेवट कळला की माझा रसच जातो. शेवटपर्यंत पत्ता लागणार नाही अशी कादंबरी सांगाल का?

उत्तर : तुमची मागणी मी उलटी करते. शेवट पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक आहे अशी कादंबरी घ्या. फ्रेडरिक फोरसिथ यांची 'द डे ऑफ द जॅकल'. ती १९७१ साली आली. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना ठार करण्यासाठी एक गुप्त संघटना परदेशी भाडोत्री मारेकरी नेमते, एवढीच गोष्ट. कादंबरी घडते १९६३ मध्ये, आणि द गॉल वारले १९७० मध्ये, आपल्या घरी. म्हणजे मारेकऱ्याचा डाव फसला हे वाचणाऱ्याला आधीच माहीत. याच कारणाने काही प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं होतं. निकाल ठाऊक असलेली गोष्ट कोण वाचणार, असं त्यांना वाटलं.

आमच्याकडच्या प्रतीची बांधणी दोनदा नव्याने करून घ्यावी लागली, इतकी ती हातोहात फिरली. मधल्या पानांत खूण मला जवळजवळ कधीच सापडली नाही.

याचं कारण मला असं वाटतं की फोरसिथ आपल्याला मारेकऱ्याचं काम शिकवतात. खोटा पासपोर्ट कसा मिळवायचा? चर्चच्या आवारातल्या थडग्यांवरून हिंडून, आपल्याच वयाचा असता पण लहानपणीच गेला, असा मुलगा शोधायचा. त्याच्या नावाचा जन्मदाखला काढायचा आणि त्यावर अर्ज करायचा. बंदूक कशी हवी? सुटी करून पोकळ नळ्यांत दडवता येईल अशी. ती बनवणाऱ्याशी होणारं बोलणं अक्षरशः शिंप्याकडे माप द्यावं तसं आहे. मग हा माणूस रानात जातो, झाडाला खरबूज टांगतो, लांब जाऊन नेम धरतो, आणि बंदुकीची दुर्बीण स्क्रूच्या एकेका वळशाने जुळवत राहतो. हे सगळं वाचता वाचता आपण कधी त्याच्या बाजूचे झालो ते कळतच नाही. मारेकऱ्याचं काम नीट व्हावं असं आपल्याला वाटायला लागतं आणि स्वतःचीच भीती वाटते.

अर्ध्या वाटेवर क्लोद लेबेल येतो. बुटका, साधा, घरी फारसा मान नसलेला पोलीस अधिकारी. त्याच्या हाती फक्त एक टोपणनाव आहे. तिथून आपली बाजू हळूहळू बदलते. दोन माणसं आपापलं काम चोख करत एकमेकांच्या दिशेने सरकत असतात, आणि आपल्याला शेवट ठाऊक असूनही घसा कोरडा पडतो. फोरसिथ स्वतः पॅरिसमध्ये रॉयटर्सचे बातमीदार होते. द गॉल यांच्या मागे हिंडणं हे त्यांचं रोजचं काम होतं. कादंबरी त्यांनी पस्तीस दिवसांत लिहिली, आणि त्यातला तपशील त्या कामातून आलेला आहे हे जाणवतं.

सुरुवातीला संघटनेतली नावं बरीच येतात. तिथे अडखळलात तर एका कागदावर लिहून ठेवा. तोच कागद खूण म्हणूनही चालेल.

आणि हे परक्या भाषेतच होतं असं नाही. विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) घ्या. आपल्या भाषेत तर दारुण पराभवालाच पानिपत म्हणतात, इतका तो शेवट आपल्या हाडीमाशी आहे. तरीही भाऊसाहेब दिल्लीच्या पुढे सरकतात आणि मागची वाट बंद होत जाते, तेव्हा 'अजून फिरा, अजून वेळ आहे' असं पुटपुटत पानं उलटलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांतली एक मीच.

*

प्रश्न : खेळाडूंची आत्मचरित्रं म्हणजे दुसऱ्याने लिहिलेली जाहिरात. तुम्ही ती लोकांना का सुचवता?

उत्तर : पुष्कळ तशी असतात, हे खरं आहे. अमुक सामना, इतक्या धावा, तमुक गुरूंचे आभार, मधे रंगीत छायाचित्रं. अशा पुस्तकांतल्या खुणा मला बहुतेक वेळा छायाचित्रांच्या पानांपाशीच सापडायच्या. त्यानंतर कुणी पुढे गेलेलं नसायचं.

पण दुसऱ्याने लिहिलं म्हणून खोटं, हे मला मान्य नाही. आंद्रे आगासीचं 'ओपन' (२००९) वाचा. ते लिहायला जे. आर. मोरिंगर या पत्रकाराने मदत केली. आगासीने मोरिंगरचं आत्मकथन वाचलं होतं आणि ते आवडल्यामुळे त्यानेच त्याला गाठलं. मोरिंगरने मुखपृष्ठावर आपलं नाव घालू दिलं नाही. आगासीने मात्र शेवटी आभारात ही सगळी हकीकत मोकळेपणाने सांगितली आहे. लपवाछपवी कुठे आली यात?

आणि जाहिरात कसली? या पुस्तकात जगातला एक नंबरचा टेनिसपटू सांगतो की मला टेनिसचा तिटकारा आहे. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा सांगतो. सात वर्षांचा मुलगा, आणि समोर बापाने फेरफार केलेलं चेंडू फेकणारं यंत्र. मुलगा त्याला ड्रॅगन म्हणतो. बाप मागे उभा राहून ओरडतो आहे. हा बाप इराणतर्फे दोन ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध खेळलेला. नंतर, १९९० ची फ्रेंच ओपनची अंतिम फेरी. आदल्या रात्री अंघोळ करताना आगासीचा केसांचा टोप सुटायला लागतो. ते लांब केस, ज्यांच्यामुळे तो जगभर ओळखला जायचा, ते खरे नव्हतेच. पिना लावून टोप कसाबसा बसवला जातो. आणि सामन्याआधी हा मुलगा देवाकडे काय मागतो? जिंकणं नाही. टोप पडू नये एवढंच मागतो. तो सामना तो आन्द्रेस गोमेझकडून हरला.

मी हे पान वाचलं तेव्हा वीस वर्षांचा एक घाबरलेला मुलगा डोळ्यांसमोर आला. टेनिसमधले गुण कसे मोजतात हेही मला तेव्हा धड माहीत नव्हतं. जाहिरात लिहिणारा माणूस असलं पान ठेवत नाही, पहिल्यांदा तेच काढून टाकतो. खेळाडूचं पुस्तक विकत घेण्याआधी एवढंच बघा की त्यात त्याला लाज वाटलेली एखादी जागा आहे का. मधूनच कुठलीही दहा पानं वाचली तरी अंदाज येतो.

*

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा. सामने रात्री जागून बघतो, पण पुस्तक म्हटलं की उठून जातो. त्याला काय द्यावं? 'ओपन' द्यावं का?

उत्तर : 'ओपन' दोन-तीन वर्षांनी द्या. त्यात अमली पदार्थांचं प्रकरण आहे, भाषाही मोठ्यांची आहे. द्यायचंच असेल तर आधी तुम्ही वाचा.

सुनील गावसकरांचं 'सनी डेज' (१९७६) द्या, पण हातात देऊन निघून जाऊ नका. सुरुवातीची गोष्ट तुम्ही सांगा. गावसकर जन्मले त्या वेळी त्यांच्या एका नातेवाइकाने बाळाच्या कानाजवळचं बारीकसं भोक बघून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बाळाला बघायला आले तर ते भोक नाही. शोधाशोध झाली, आणि खरं बाळ एका कोळिणीच्या शेजारी झोपलेलं सापडलं. अंघोळीच्या वेळी अदलाबदल झाली असावी. ही गोष्ट सांगून थांबा. सत्ताविसाव्या वर्षी लिहिलेलं हे पुस्तक आहे, त्यामुळे त्यात पिकलेपणाचा उपदेश नाही, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

दुसरं अभिनव बिंद्राचं 'अ शॉट अॅट हिस्टरी', रोहित ब्रिजनाथ यांच्यासोबत लिहिलेलं. तुमच्या मुलाला आधी हे आकडे सांगा. दहा मीटर एअर रायफलमध्ये लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आणि २००८ साली बीजिंगमध्ये शेवटच्या गोळीच्या आधी बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हाकिनेन बरोबरीत होते. हाकिनेनला ९.७ मिळाले, बिंद्राला १०.८. सर्वाधिक मिळू शकतात १०.९. एवढं ऐकून तो 'मग?' म्हणाला, की पुस्तक पुढे करा. त्याच्या चार वर्षं आधी अथेन्सच्या अंतिम फेरीत हाच बिंद्रा सातवा आला होता. मधल्या चार वर्षांत त्याने स्वतःचं काय काय केलं, ते वाचायचं आहे.

आणि पहिल्या पानापासून वाच असा आग्रह नको. सामन्याचं प्रकरण आधी वाचू द्या, बालपण मागाहून वाचेल. मी टेबलावर कित्येक मुलांना असं मधलंच पान उघडून दिलं आहे.

*

प्रश्न : 'पॅपिलॉन' खरं आहे का हो? आमच्या घरी वाद चालू आहे.

उत्तर : आंरी शारिएर या फ्रेंच कैद्याने ते स्वतःचं आयुष्य म्हणून लिहिलं. पण त्यातल्या कित्येक घटना त्यांच्या बाबतीत घडल्याच नाहीत, इतर कैद्यांच्या गोष्टी त्यांनी आपल्या नावावर घेतल्या, असं अभ्यासक म्हणतात. मी ते कादंबरीच्या कपाटात ठेवत असे. रवींद्र गुर्जर यांचा मराठी अनुवाद इतका वाहता आहे की आमच्याकडे त्यासाठी कायम नंबर लागलेले असायचे. वाद चालू ठेवा, पण पुस्तकही वाचा.

*

प्रश्न : थरारक कादंबरी आणि खेळ, दोन्ही एकाच पुस्तकात मिळेल का?

उत्तर : या प्रश्नाची मी कित्येक वर्षं वाट बघत होते. डिक फ्रान्सिस.

फ्रान्सिस हे घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीतले नावाजलेले जॉकी. १९५६ साली इंग्लंडमधल्या ग्रँड नॅशनल शर्यतीत ते राणीच्या आईसाहेबांच्या डेव्हन लॉक या घोड्यावर होते. तीसच्या तीस अडथळे पार झाले, सर्वांत पुढे हाच घोडा, शेवटची रेघ पन्नास यार्डांच्या आत. समोर अडथळा नाही, काही नाही. आणि घोडा अचानक चारी पाय फाकून पोटावर बसला. मागचा घोडा जिंकून गेला. असं का झालं याचं पक्कं उत्तर कुणालाही मिळालं नाही. पुढच्या वर्षी फ्रान्सिस निवृत्त झाले, आत्मचरित्र लिहिलं, वर्तमानपत्रात शर्यतींवर लिहू लागले, आणि १९६२ मध्ये पहिली रहस्यकादंबरी आली. मग चाळिसाच्या वर.

त्यांतल्या दोन आधी वाचा, याच क्रमाने. 'ऑड्स अगेन्स्ट' (१९६५) आणि 'व्हिप हँड' (१९७९). दोन्हींचा नायक सिड हॅली. मोठा जॉकी होता, शर्यतीत पडला, डावा हात गेला, आता खासगी तपासनीस आहे. 'व्हिप हँड'मध्ये त्याला तो कृत्रिम हात बसवलेला आहे, बॅटरीवर चालणारा. खलनायक बंदूक रोखतो ती त्याच्या छातीवर नाही. उरलेल्या उजव्या हाताच्या मनगटावर रोखतो, आणि सांगतो की तपास सोडला नाहीस तर हाही जाईल. हॅली घाबरतो. नुसता घाबरत नाही, काम टाकून परदेशी निघून जातो, आणि आपण भ्यालो या शरमेने आतून मोडतो. मारामारीच्या कादंबऱ्यांतले नायक घाबरत नाहीत, म्हणून मला त्यांची काळजीही वाटत नाही. हॅलीची वाटते. हाडं मोडून पुन्हा घोड्यावर बसलेल्या माणसाने हे लिहिलं आहे. शरीर काय सोसतं आणि कुठे नकार देतं, ते फ्रान्सिस यांना ठाऊक होतं.

दुसरं नाव अगदी वेगळं. स्टेफान झ्वाइग यांची 'चेस स्टोरी' ही बुद्धिबळावरची छोटी कादंबरी, जेमतेम शंभर पानांची. झ्वाइग यांनी ती ब्राझीलमध्ये, परागंदा अवस्थेत लिहिली, आणि १९४२ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर ती प्रसिद्ध झाली. एका माणसाला नाझींनी हॉटेलच्या खोलीत एकटं कोंडलेलं असतं. मारहाण नाही, फक्त काहीच नाही. पुस्तक नाही, कागद नाही, बोलायला माणूस नाही. एके दिवशी चौकशीसाठी थांबलेला असताना समोर टांगलेल्या कोटाच्या खिशात त्याला पुस्तकाचा आकार दिसतो. जिवावर उदार होऊन तो ते चोरतो. खोलीत येऊन उघडतो, तर ना कविता, ना गोष्ट. बुद्धिबळाचे दीडशे डाव, नुसत्या खुणांनी लिहिलेले. त्याची ती निराशा, आणि मग चौकड्यांच्या चादरीचा पट करून तो एकेक डाव मांडायला लागतो, ते सगळं वाचताना मी टेबलावर होते. एक सभासद समोर किती वेळ उभे होते, मला कळलंच नाही. खोकलेसुद्धा नाहीत बिचारे.

*

प्रश्न : मला कुठल्याच खेळातलं काही कळत नाही. तरी खेळावरचं पुस्तक वाचावं का?

उत्तर : वाचावं, आणि वल्हवण्यापासून सुरुवात करावी. त्यातलं आपल्यापैकी फारच थोड्यांना कळतं. डॅनियल जेम्स ब्राउन यांचं 'द बॉईज इन द बोट' (२०१३) हे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या नावेविषयी आहे. त्यातला जो रँट्झ हा मुलगा पंधराव्या वर्षी घरच्यांनी मागे सोडून दिलेला. ज्याला कुणावरही भरवसा ठेवता येत नाही, त्याला आठ जणांच्या लयीत वल्हं मारायचं असतं. शर्यत इटलीपेक्षा सेकंदाच्या सहा दशांश भागाने जिंकली गेली. हे मी आत्ताच सांगून टाकलं, तरी तुम्ही ते प्रकरण उभ्याने वाचाल.

मग लॉरा हिलेनब्रँड यांचं 'अनब्रोकन' (२०१०). लुई झॅम्पेरिनी त्याच ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर धावून आठवा आला होता. युद्धात त्याचं विमान समुद्रात कोसळलं. रबरी तराफ्यावर ४७ दिवस, आणि त्यानंतर जपानी छळछावणी. खेळ पहिल्या काही प्रकरणांतच संपतो, पण धावपटूचं शरीर आणि हट्ट शेवटपर्यंत सोबत असतो. छावणीची पानं कठीण आहेत. झोपण्याआधी वाचू नका.

*

प्रश्न : वडिलांची दृष्टी गेली आहे. आयुष्यभर ते वाचत आणि खेळत आले. रोज अर्धा तास मी त्यांना वाचून दाखवतो, पण जाड कादंबरीतली पात्रं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. काय वाचू?

उत्तर : 'एका कोळियाने'. हेमिंग्वे यांच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद. पात्रं मोजकी. एक म्हातारा, एक मुलगा, एक मासा. ८४ दिवस म्हाताऱ्याला मासा मिळालेला नाही, आणि तो पंच्याऐंशीव्या दिवशी पुन्हा निघतो.

लोक याला समुद्राची गोष्ट म्हणतात. मी ती खेळाच्या कपाटातही ठेवली असती. नावेत एकटा असताना म्हातारा सांतियागो बेसबॉलपटू डिमॅजिओला आठवत राहतो. टाचेच्या हाडाचं दुखणं घेऊन खेळणारा तो माणूस, आणि त्याचा बापही कोळीच. दोरीने हात कापत असताना म्हाताऱ्याला धीर येतो तो त्या खेळाडूच्या दुखऱ्या टाचेचा. पुढे त्याला तरुणपणीची पंज्याची लढत आठवते. एक दिवस आणि एक रात्र चाललेली, बघणारे पैजा लावून बसलेले, पंच बदलत राहिलेले, आणि दोघांच्या नखांतून रक्त. तुमचे वडील खेळलेले आहेत, त्यांना हे पान तुमच्यापेक्षा जास्त कळेल. तिथे सावकाश वाचा.

पुस्तकात प्रकरणं पाडलेली नाहीत, त्यामुळे थांबायची जागा तुम्हालाच ठरवावी लागेल. म्हातारा दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतो, अशा ठिकाणी थांबा. दुसऱ्या दिवशी पान स्वतः शोधू नका, 'काल दोरी कुठल्या हातात होती?' असं त्यांना विचारा आणि ते सांगतील तिथून पुढे वाचा.